पेठेच्या आराखड्यावर हरकत कशी नोंदवायची? सांगलीकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात एक जाहीर सूचना छापून येते. अमुक भागाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध करण्यात येत आहे, नागरिकांनी हरकती व सूचना लेखी दाखल कराव्यात. हरभट रोडवरचा दुकानदार ती वाचत नाही, कारण ती वेळ माल लावण्याची असते. गणपती पेठेतला भाडेकरू वाचतो, पण हे मालकाचं काम म्हणून सोडून देतो. शनिवारच्या बाजाराला भाजी घेऊन येणाऱ्या बाईपर्यंत ती पोचतच नाही. मुदत संपते. दोन-चार वर्षांनी भिंतीवर लाल रंगाच्या खुणा पडल्या की मोर्चा निघतो, निवेदनं दिली जातात, बंद पाळला जातो. पण कायद्यानं ऐकून घेण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते.

त्या मुदतीत नेमकं काय करायचं, ते इथे क्रमानं देतो आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. एका जागेपुरती, टेपने मोजलेली आणि पर्याय सुचवणारी लेखी हरकतच पुढे टिकते. ‘आमचा तीव्र विरोध आहे’ एवढ्या वाक्यावर नगररचनाकाराला नकाशावरची रेघ हलवता येत नाही, त्याची स्वतःची इच्छा असली तरी.

हे नक्की काय निघालंय, ते आधी ओळखा

‘बाजारपेठेचा पुनर्विकास’ हा बोलण्यातला शब्द झाला. कागदावर तो वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेवर तुमचा हक्क वेगळा असतो.

एक वाट शहराच्या विकास आराखड्याची, म्हणजे डीपीची. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे हा आराखडा वीस वर्षांतून किमान एकदा सुधारावा लागतो. प्रारूप तयार झालं की कलम २६ खाली ते प्रसिद्ध होतं आणि कलम २८ खाली हरकतींवर सुनावणी होते. नागरिकाचा सगळ्यात भक्कम हक्क इथे आहे.

दुसरी वाट मंजूर डीपीतल्या फेरबदलाची, कलम ३७ ची. एखादं आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा) उठवायचं, मंडईच्या जागेचा वापर बदलायचा, गल्लीचा रस्ता रुंद दाखवायचा, तर ते या कलमाखाली येतं. मुदत एक महिन्याची असते आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना स्वतंत्र नोटीस देऊन त्यांचं ऐकावं लागतं. जाहिरात छोटी आणि विषय एकाच जागेचा असल्यामुळे लोक जास्तीत जास्त गाफील राहतात ते इथेच.

तिसरी वाट रस्त्याच्या नियमित रेषेची, म्हणजे रस्त्याची हद्द ठरवणाऱ्या रेषेची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० प्रमाणे आयुक्तांना जुनी रेषा बदलून नवी आखायची असेल तर महासभेची मान्यता लागते. त्या सभेच्या किमान एक महिना आधी वर्तमानपत्रात आणि राजपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, शिवाय खुद्द त्या रस्त्यावरही ती लावावी लागते. लेखी हरकत नगरसचिवांच्या कार्यालयात सभेच्या पूर्ण तीन दिवस आधी पोचायला हवी. चौथ्या दिवसाचं टोक धरून बसू नका, नोटीस दिसली त्याच आठवड्यात द्या.

चौथी वाट फसवी आहे. काँक्रिटीकरण, पेव्हर ब्लॉक, पदपथ, मंडईची नवी इमारत, पार्किंगचा प्लॅन, चौकाचं सुशोभीकरण यासाठी नगररचना कायद्याखालची सुनावणी बहुतेक वेळा होतच नाही. स्थायी समितीत किंवा महासभेत ठराव होतो, निविदा निघते, ठेकेदार येऊन रस्ता खणतो. इथे हरकतीची नोटीस येईल म्हणून वाट बघत बसलात तर ती येणार नाही. सभेची विषयपत्रिका नगरसचिव कार्यालयातून मिळवायची, प्रकल्प अहवाल म्हणजे डीपीआर बघायला मागायचा आणि निविदा निघण्यापूर्वी लेखी निवेदन द्यायचं. निविदा उघडली की कामाच्या प्रत्येक बदलाला पैसे लागतात, आणि मग ‘पुढच्या टप्प्यात बघू’ हेच उत्तर मिळतं.

साताऱ्यासारख्या नगरपालिकेच्या गावात नगररचनेचा १९६६ चा कायदा तोच आहे, पण आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात आणि महानगरपालिका अधिनियमातलं कलम २१० तिथे लागू होत नाही. मोती चौकातला किंवा राजपथावरचा दुकानदार बाकीचा सगळा लेख जसाच्या तसा वापरू शकतो.

पहिल्या दोन दिवसांत करायची कामं

नोटिशीचं कात्रण काढा, त्यावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहा. मुदत किती दिवसांची आणि कुठल्या तारखेपासून मोजायची हे नोटिशीतच असतं. प्रारूप डीपीच्या बाबतीत दिवस राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजतात. वर्तमानपत्रात जाहिरात दोन दिवस उशिरा आली म्हणून तुम्हाला दोन दिवस जास्त मिळत नाहीत. शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून दुकानात सगळ्यांना दिसेल अशी लावा.

मग नगररचना विभागात जा. आराखडा, अहवाल आणि नियमावली कार्यालयीन वेळेत पाहू देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि शुल्क भरून प्रतीही मिळतात. प्रारूप डीपी असेल तर नुसता रंगीत नकाशा बघून परत येऊ नका. विद्यमान भू-वापराचा नकाशा, आराखड्याचा अहवाल, अंमलबजावणीचे टप्पे आणि भूसंपादनाच्या खर्चाचा अंदाज हेही मागा. खर्चाच्या पानावर तुमच्या रस्त्याच्या नावापुढे किती रक्कम धरली आहे ते पाहिलं की हे काम पाच वर्षांत होणार की तीस वर्षं नुसतं डोक्यावर टांगून राहणार, याचा अंदाज येतो.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचा असेल तर तो याच दोन दिवसांत करा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. हरकतीची मुदत महिन्याची असेल तर शेवटच्या आठवड्यात केलेल्या अर्जाचा काही उपयोग नाही. अर्जात ‘कागदपत्रांचं प्रत्यक्ष अवलोकन करायचं आहे’ असं लिहिलं तर प्रतींसाठी थांबावं लागत नाही.

हरकत कोण घेऊ शकतो?

कोणीही. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. मालकच हवा असं नाही. भाडेकरू, महापालिकेचा गाळेधारक, फेरीवाला, हमाल, रिक्षावाला, त्या भागात शाळेत जाणाऱ्या मुलाची आई, विश्रामबागहून खरेदीला येणारं गिऱ्हाईक, सगळ्यांना हा हक्क आहे. हे मुद्दाम ठासून सांगतो, कारण आपल्या जुन्या पेठांत दुकान चालवणारा बऱ्याचदा भाडेकरू असतो आणि रस्ता रुंद झाला तर टीडीआर (गेलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव एफएसआय (त्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी) जागामालकाला मिळतो. भाडेकरूनं स्वतःचा प्रश्न स्वतः लिहिला नाही तर त्याच्या वतीनं तो कोणी लिहिणार नाही.

भाडेकरूंनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत संपादनापूर्वी किमान तीन वर्षं त्या जागेवर उपजीविका असलेली कुटुंबंही येतात. तेव्हा तीन वर्षांच्या भाडेपावत्या, शॉप अ‍ॅक्टचा दाखला, वीजबिलं, जीएसटीची कागदपत्रं एका फाइलमध्ये लावून ठेवा. पुरात कागद भिजलेले असतील तर संबंधित कार्यालयांतून दुय्यम प्रती आत्ताच काढून घ्या.

नकाशा वाचायला शिका

आधी तुमच्या जागेचा सिटी सर्व्हे नंबर हवा. तो प्रॉपर्टी कार्डावर असतो. कार्ड नगर भूमापन कार्यालयात किंवा ऑनलाइन मिळतं. नंबर हातात असेल तर नकाशावर जागा सापडते. ‘मारुती रोडवर, अमक्या दुकानाच्या शेजारी’ हे नगररचनेच्या टेबलावर चालत नाही.

मग नकाशाचं प्रमाण बघा. समजा ते १:४००० आहे. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जागेवर ४० मीटर, आणि एक मिलिमीटर म्हणजे ४ मीटर. आता नकाशावरची रेघ स्वतःच अर्धा मिलिमीटर जाड असली तर ती जागेवर २ मीटर होते, जवळपास साडेसहा फूट. पेठेतल्या लहान दुकानाची निम्मी खोली त्या रेघेच्या जाडीत बसते. म्हणून ‘नकाशावर तर माझं दुकान सुटलेलं दिसतंय’ यावर विसंबू नका. नगररचना विभागाला तुमच्या सिटी सर्व्हे नंबरपुरता मोठ्या प्रमाणावरचा भाग नकाशा मागा आणि रस्त्याची प्रस्तावित रुंदी मीटरमध्ये लेखी घ्या.

रुंदीकरण दोन्ही बाजूंना सारखं आहे की एकाच बाजूला, हा पुढचा प्रश्न. आज ९ मीटर असलेला रस्ता १२ मीटर दाखवला असेल आणि मध्यरेषेपासून दोन्हीकडे सारखं घेणार असतील, तर प्रत्येक बाजूचे दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट जातात. पंधरा फूट खोलीच्या दुकानाचा तो तिसरा हिस्सा. एका बाजूनं घेतलं तर समोरच्याचं काहीच जात नाही आणि तुमचे दहा फूट जातात.

विद्यमान भू-वापराच्या नकाशातल्या चुका शोधणं हे तर नागरिकाचं सगळ्यात मोलाचं काम. जिथे दुमजली इमारत उभी आहे तिथे मोकळी जागा दाखवलेली असते, देवळाची जागा निवासी दाखवलेली असते, वापरात असलेली बोळ नकाशावर नसते. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लोकांनी त्यातल्या ठिकठिकाणच्या अशा चुका दाखवून दिल्यावर एप्रिलमध्ये तो मागे घेऊन नव्यानं करायला लावला गेला. जागेवरची चूक पुराव्यासकट दाखवली की तिला उत्तर द्यावंच लागतं.

टेप घेऊन रस्त्यावर उतरा

चार जण, एक पन्नास मीटरची टेप, एक वही, एक मोबाइल. रविवारी सकाळी लवकर, गर्दी नसताना. चौकापासून सुरुवात करा आणि साधारण दर वीस पावलांवर रस्त्याची रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. मग पायऱ्या, ओटे, विजेचे खांब, फीडर पिलर (रस्त्याकडेच्या विजेच्या पेट्या), झाडं, गटाराची झाकणं कुठे आहेत ते मांडा. जुन्या रस्त्याची रुंदी सगळीकडे सारखी कधीच नसते. खरी अडचण बऱ्याचदा दोन-तीन ठिकाणच्या चिमट्यांचीच, म्हणजे रस्ता एकदम अरुंद होतो त्या जागांचीच असते. तेवढे चिमटे मोकळे केले तर बाकीचा रस्ता आहे तसा चालू शकतो का, हा प्रश्न विचारण्याचा हक्क तुम्हाला या वहीतून मिळतो.

त्याच भागाची वर्दळ दोन वेळा मोजा: एक साधा कामाचा दिवस आणि एक शनिवार. संध्याकाळी तासाभरात पायी किती गेले, दुचाक्या किती, चारचाकी किती, हातगाड्या किती. बहुतेक पेठांत पायी चालणाऱ्यांचा आकडा सगळ्यात मोठा निघतो आणि आराखड्यात त्यांच्याच वाट्याला सगळ्यात अरुंद पट्टी आलेली असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत (आयआरसी:१०३) पदपथाची अडथळ्याविना रुंदी निवासी भागात किमान १.८ मीटर आणि व्यापारी भागात २.५ मीटर सांगितली आहे. पदपथाची कडा १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी असंही त्यात आहे. हा आकडा तुमच्या हरकतीत घाला. व्हीलचेअर, काठी घेऊन चालणारे आजोबा, पोटुशी बाई यांच्यासाठी उतार कुठे आहे, हेही विचारा.

सांगलीत पाण्याचा प्रश्न पहिला

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण सांगलीच्या पेठेचा कुठलाही आराखडा कृष्णेला विसरून करता येत नाही. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, गणपती पेठ सगळं पाण्याखाली होतं. २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांच्या अंगावरून गेले आहेत. तरीही पदपथ आणि दिव्यांचे खांब यांची चर्चा जितक्या उत्साहानं होते, तितकी रस्त्याच्या पातळीची होत नाही.

रस्त्याची पातळी म्हणजे काय, ते उंबऱ्यात उभं राहून बघा. जुना डांबराचा थर खरवडून न काढता त्यावर नवा थर चढवला, किंवा काँक्रीट घातलं, की रस्ता काही इंच वर येतो. असं दोन-तीनदा झालं की ज्या दुकानाला रस्त्यापासून एक पायरी चढावी लागायची, त्यात उलट एक पायरी उतरावी लागते. मग कृष्णेचा पूर लांबच राहिला, वळवाच्या तासाभराच्या पावसानंही पोत्यांच्या तळाला पाणी लागतं. नव्या आराखड्यात ‘काम पूर्ण झाल्यावर रस्त्याची पातळी किती असेल’ हा आकडा लेखी मागा. तुमच्या उंबऱ्याची आजची पातळी आणि प्रस्तावित पातळी यांतला फरक समजल्याशिवाय रस्त्याच्या कुठल्याही कामाला संमती देऊ नका.

दुसरा मुद्दा पूररेषांचा. जलसंपदा विभाग निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतो. त्या दोन्ही प्रारूप आराखड्यावर दाखवल्या आहेत का, आणि २०१९ च्या प्रत्यक्ष पाण्याशी त्या जुळतात का, ते तपासा. अनेक जुन्या इमारतींच्या भिंतीवर त्या पुराची खूण अजून आहे. तिचा फोटो काढा. फोटोत टेप लावून जमिनीपासूनची उंची दिसू द्या आणि खाली सिटी सर्व्हे नंबर लिहा. असे पंधरा-वीस फोटो एकत्र केले की त्या पेठेचा पूर-नकाशा तयार होतो, आणि तो कुठल्याही भाषणापेक्षा जड पडतो.

पूरक्षेत्रात तळघरातलं पार्किंग दाखवलं असेल तर त्यावर स्पष्ट हरकत घ्या. मंडईची नवी इमारत असेल तर विजेचे मीटर आणि जनरेटर कुठल्या मजल्यावर आहेत, पूर येतोय म्हटल्यावर गाळ्यातला माल वर हलवायला जिना आणि जागा आहे का, पावसाचं पाणी कुठल्या नाल्याला जोडलं आहे आणि नदी चढली की त्या नाल्यातून पाणी उलटं पेठेत येणार नाही याची काय सोय आहे, हे प्रश्न लिहा.

जे स्वतः लिहिणार नाहीत, त्यांच्यापर्यंत जा

व्यापारी संघटना जागी असते, तिचं म्हणणं पोचतं. भाजीवाल्या बायका, जमिनीवर कापड अंथरून बसणारे, रात्री माल उतरवणारे हमाल यांचं पोचत नाही. त्यांना सभेला बोलवू नका, त्यांच्या कामाच्या जागी त्यांना सोयीच्या वेळी जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायचा. स्वच्छतागृह कुठे हवं, पाणी कुठून भरतात, सकाळी गाडी कुठे लागते, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणाला माहीत नसतं. बाजारात दिवसभर बसणाऱ्या बाईला चालत जाता येईल अशा अंतरावर स्वच्छतागृह नसणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आराखड्यात ते दाखवलेलं नसेल तर प्रत्येकाच्या हरकतीत तो मुद्दा आलाच पाहिजे.

फेरीवाल्यांच्या बाजूनं २०१४ चा पथविक्रेता कायदा उभा आहे. त्याप्रमाणे शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. विक्रेत्याला हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. आणि एक तरतूद फार कमी लोकांना ठाऊक आहे: पन्नास वर्षांहून जास्त काळ जिथे पथविक्री चालू आहे असे नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं या कायद्याच्या अनुसूचीत म्हटलं आहे. जुन्या आठवडा बाजाराला हे लागू पडत असेल तर जुने फोटो, बाजार-फीच्या पावत्या, वृद्ध विक्रेत्यांची लेखी निवेदनं गोळा करा. सर्वेक्षणाची पावती, ओळखपत्र किंवा पीएम स्वनिधीच्या कर्जाचे कागद हे त्या जागी धंदा करत असल्याला आधार देतात.

संस्थान गणपतीच्या विसर्जनाची मिरवणूक ज्या रस्त्यांनी जाते, तिथे मध्येच दुभाजक, कमान किंवा खाली लोंबणाऱ्या तारा येणार असतील तर मंडळांनाही आत्ताच विचारा.

हरकत लिहायची कशी

एका अर्जात एकच जागा किंवा एकच विषय. दुकानाचं रुंदीकरण, स्वच्छतागृह आणि पूर हे तीन अर्ज करा. सगळं एकात घातलं तर त्यातल्या सर्वांत सोप्या मुद्द्याला उत्तर मिळतं आणि बाकीचे दोन हरवतात. नमुना असा घ्या:

‘प्रति, मा. आयुक्त, सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका.

विषय: दिनांक … रोजी प्रसिद्ध झालेल्या प्रारूप विकास आराखड्यावर कलम २६ अन्वये हरकत व सूचना. सि.स.नं. …, भाग नकाशा क्र. …

१. मी वरील मिळकतीत … सालापासून भाडेकरू असून किराणा मालाचा व्यवसाय करतो.

२. समोरील रस्त्याची प्रस्तावित रुंदी १२ मीटर दाखवली आहे. आम्ही दिनांक … रोजी केलेल्या मोजमापानुसार … ते … या दरम्यान सध्याची रुंदी ९ मीटर आहे. तक्ता सोबत जोडला आहे.

३. प्रस्तावामुळे ४.५ मीटर खोलीच्या दुकानाचा १.५ मीटर भाग जातो आणि उरलेल्या जागेत व्यवसाय चालवणं शक्य होत नाही.

४. पर्याय: सध्याच्या ९ मीटर रुंदीतच दोन्ही बाजूंना २.५ मीटरचे पदपथ आणि मधोमध ४ मीटरचा एकेरी वाहनमार्ग ठेवावा. या पर्यायावर अग्निशमन विभाग आणि वाहतूक शाखेचे अभिप्राय घ्यावेत.

५. पर्याय अमान्य केल्यास त्याची कारणं, भाडेकरूंच्या पुनर्वसनाची जागा आणि बदली गाळ्याचा करार कामापूर्वी होईल का, हे लेखी कळवावे.

६. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी.’

खाली नाव, पूर्ण पत्ता, मोबाइल नंबर, सही. सोबत प्रॉपर्टी कार्ड, भाडेपावती, मोजमापाचा तक्ता, फोटो.

चौथा मुद्दा हा या अर्जाचा प्राण आहे. तुमचा पर्याय शंभर टक्के बरोबर असायलाच हवा असं नाही. पण तो दिला की निर्णय घेणाऱ्यापुढे मान्य करण्यासारखं काहीतरी असतं. पाचव्या मुद्द्यामुळे अमान्यही कारणाशिवाय करणं अवघड जातं. आणि आराखड्यातलं जे चांगलं आहे त्याला पाठिंब्याचंही पत्र द्या. मोकळी जागा, झाडं, पदपथ यांच्या बाजूनं कोणीच लिहीत नाही, म्हणून नंतर तेच पहिल्यांदा गळतात.

छापील एकसारखे अर्ज वाटण्याची पद्धत आहे. ताकद दाखवायला ते ठीक, पण शंभर सारख्या अर्जांची सुनावणी बऱ्याचदा एकत्र उरकली जाते. वीस जणांनी आपापल्या हातानं, आपापल्या मोजमापासह लिहिलेले अर्ज त्याहून जास्त काम करतात.

दाखल करणं आणि सुनावणी

दोन प्रती घ्या. आवक विभागात एक द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘साहेबांना देतो’ म्हणून कोणी अर्ज ठेवून घेत असेल तर नम्रपणे नकार द्या. ई-मेलची सोय नोटिशीत दिली असेल तर तिथेही पाठवा, आणि स्पीड पोस्टाची पावती असली तर उत्तमच. शेवटच्या दिवशी रांग असते, तेव्हा दोन-तीन दिवस हातात ठेवा.

डीपीच्या हरकती नियोजन समितीपुढे जातात. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ८७ हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. अशा वेळी एकाच्या वाट्याला किती मिनिटं येतात याचा विचार करूनच तयारी करा. तीन मिनिटांचं बोलणं बसवा. पहिल्या वाक्यात आवक क्रमांक आणि सिटी सर्व्हे नंबर, मग एक फोटो किंवा मोजमापाचा एक तक्ता समितीसमोर ठेवा, मग पर्याय. महापालिकेचा जुना कारभार, खड्डे, कचरा यावर गेलात की वेळ संपली. जाताना एका पानाचा लेखी गोषवारा द्या आणि त्याचीही पोच घ्या. सुनावणीची तारीख चुकली तर त्याच दिवशी लेखी कळवून पुढची तारीख मागा.

ज्यांना बोलायची भीती वाटते, त्यांच्यासोबत एक जण जा. पण त्यांच्या जागी बोलू नका. भाजीवालीनं ‘माझी टोपली इथं असती, गाडी इथं लागती’ असं नकाशावर बोट ठेवून सांगितलं तर समितीला ते जास्त समजतं.

सुनावणीनंतर

काम इथे अर्धंच झालेलं असतं. नियोजन समितीचा अहवाल आला की तुमच्या क्रमांकापुढे काय शिफारस आहे ते बघा: मान्य, अंशतः मान्य, की अमान्य. अहवालाची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आत्ता करा, इथे वेळ हातात असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. पुढे आराखडा मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो. शासनाला त्यात मोठा बदल करायचा असेल तर त्या भागापुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. ही दुसरी नोटीस राजपत्रात येते आणि पहिल्या वेळी जागे असलेले लोकही ती हमखास चुकवतात. संघटनेतल्या एकाला हेच काम द्या: मंजुरी मिळेपर्यंत दर आठवड्याला राजपत्र आणि महापालिकेची वेबसाइट बघायची.

मंजूर नकाशा हाती आला की तुमचा भाग नकाशा, रस्त्याची मंजूर रुंदी आणि मोजमापाची वही एकत्र ठेवा. जागेवर आरक्षण पडलं असेल तर मंजुरीची तारीख त्याच फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. दहा वर्षांत ती जागा संपादित झाली नाही तर मालकाला कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. प्रत्यक्ष काम सुरू होण्याच्या दिवशी ठेकेदाराच्या अभियंत्याकडून रस्त्याच्या मध्यरेषेची खूण आणि पातळीची खूण दाखवून घ्या, तिचा फोटो काढा, आणि तुमच्या उंबऱ्यापाशी आधी केलेल्या मोजमापाशी ती जुळते का ते तिथेच, टेप लावून बघा.